डाऊन सिंड्रोम आणि पूरक गोळ्या : पुरावा तपासताना

काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका प्राथमिक शाळेतील बाई माझ्याकडे एक रंगीत पत्रक घेऊन आल्या. त्यांच्या दुसरीच्या वर्गात डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे. तिच्या आईवडिलांना कोणीतरी हे पत्रक दिले होते. जीवनसत्त्वे, क्षार आणि अमिनो आम्ले यांचे एक मिश्रण रोज दिल्यास अशा मुलांची बुद्धी, बोलणे आणि उंची वाढते, असा त्यात दावा होता. एका डब्याची किंमत मुलीच्या वडिलांच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. तो खर्च भागवायचा तर मुलीला बोलायला शिकवणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाणे बंद करावे लागणार होते. "बाई, तुम्हीच सांगा, सुरू करू का?" असे आईने विचारले होते, आणि बाईंना उत्तर देता येत नव्हते.

पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात एका अमेरिकी शोधनिबंधाचा हवाला होता. मी तो शोधून पाहिला. हवाला खोटा नव्हता. १९८१ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मुखपत्रात असा निबंध खरोखर प्रसिद्ध झाला आहे. खोट्या जाहिरातीला उत्तर देणे सोपे असते. पण जिच्या मागे खरा शोधनिबंध उभा आहे अशा जाहिरातीचे काय करायचे? अशा वेळी तो निबंध वाचावा लागतो, आणि त्यानंतरच्या काळात काय घडले तेही पाहावे लागते. या लेखात आपण तेच करणार आहोत.

एक जादा गुणसूत्र

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या स्थितीचे वर्णन केले. तिचे कारण मात्र कळायला १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी दाखवून दिले की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन प्रती असतात. हे गुणसूत्र आपल्या गुणसूत्रांमध्ये सर्वांत लहान. तरीही त्यावर दोनशेहून अधिक जनुके आहेत.

म्हणजे या मुलांमध्ये कोणतेही जनुक 'बिघडलेले' नसते, कोणता पदार्थ तयार व्हायचा राहिलेला नसतो. उलट दोनशेहून अधिक जनुकांची मात्रा दीडपट झालेली असते. पूरक आहाराच्या चर्चेत हा फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे. स्कर्व्ही झालेल्या माणसाला क जीवनसत्त्व दिले की तो बरा होतो, कारण त्याच्या शरीरात त्याचीच उणीव असते. डाऊन सिंड्रोममध्ये मुळात अधिकाची अडचण आहे. बाहेरून आणखी काही घालून ती दूर होईल असे गृहीत धरता येत नाही. तसे होते की नाही हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

कल्पना कोठून आली?

अमेरिकेत डेट्रॉइट शहरातील हेन्री टर्केल या डॉक्टरांनी १९४० च्या सुमारास 'यू सिरीज' नावाचा एक उपचार सुरू केला. त्यात जीवनसत्त्वे, क्षार, संप्रेरके आणि औषधे असे डझनावारी घटक एकत्र दिले जात. आपले रुग्ण सुधारतात असे टर्केल सांगत, पण तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्यांच्याकडे नव्हता. १९६४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या उपचाराच्या नियंत्रित चाचणीचा अहवाल आला. त्यात काही लाभ आढळला नाही.

दुसरा धागा जीवरसायनशास्त्रातला. पँटोथेनिक आम्ल या जीवनसत्त्वाचा शोध लावणारे रॉजर विल्यम्स यांनी अशी कल्पना मांडली होती की काही माणसांची आनुवंशिक घडणच अशी असते, की त्यांना एखाद्या पोषकद्रव्याची गरज इतरांपेक्षा पुष्कळ जास्त लागते. ती भागली नाही तर विकार होतो, भागली तर तो सौम्य होतो. ही कल्पना अशास्त्रीय म्हणता येणार नाही. काही दुर्मिळ चयापचय-विकारांत ठरावीक जीवनसत्त्वाची मोठी मात्रा खरोखरच उपयोगी पडते. प्रश्न एवढाच होता, की बौद्धिक अक्षमतेला, आणि त्यातही डाऊन सिंड्रोमला, ही कल्पना लागू पडते का?

१९८१ चा शोधनिबंध

रूथ हॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. बौद्धिक अक्षमता असलेली १६ मुले त्यांनी निवडली. मुलांचे बुद्ध्यांक सुमारे १७ ते ७० या टप्प्यात होते. पहिले चार महिने ५ मुलांना जीवनसत्त्वे व क्षार यांच्या मोठ्या मात्रा आणि ११ मुलांना निष्क्रिय गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे मुलांना व तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अशा पद्धतीला 'दुहेरी अंध चाचणी' म्हणतात. पुढचे चार महिने सर्वांनाच पूरक गोळ्या दिल्या.

निष्कर्ष लक्षवेधक होते. पहिल्या टप्प्यात पूरक गोळ्या घेणाऱ्या ५ मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ५.० ते ९.६ गुणांनी वाढला. इतर ११ मुलांत नगण्य फरक पडला. दुसऱ्या टप्प्यात या ११ मुलांचाही बुद्ध्यांक सरासरी किमान १०.२ ने वाढला. डाऊन सिंड्रोम असलेल्या चारपैकी तीन मुलांचा बुद्ध्यांक १० ते २५ गुणांनी वाढला, आणि त्यांच्या शारीरिक ठेवणीतही बदल दिसला, असे लेखकांनी लिहिले.

प्रतिष्ठित नियतकालिक, दुहेरी अंध चाचणी आणि संख्याशास्त्रीय कसोटीला उतरलेले आकडे, इतके सगळे एकत्र आल्यावर एखाद्या आईला आशा वाटली तर तिला भोळी म्हणता येणार नाही. मात्र निबंध पुन्हा एकदा सावकाश वाचला की काही गोष्टी खटकू लागतात.

काय खटकते?

पहिली गोष्ट संख्येची. पत्रक डाऊन सिंड्रोमच्या मुलांसाठी आहे, आणि निबंधात अशी मुले फक्त चार. बाकीच्या मुलांची अक्षमता वेगळ्या स्वरूपाची. म्हणजे जगभरच्या लाखो मुलांसाठी केलेल्या दाव्याचा मूळ पाया चार मुलांवर, किंबहुना त्यांतील तिघांवर उभा आहे.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. वाढ '५.० ते ९.६' अशी का दिली? कारण तपासणाऱ्यानुसार ती वेगवेगळी आली. मुले तीच, काळ तोच, पण तपासणारा बदलला की वाढ जवळजवळ दुप्पट होते. एखाद्या टेबलाची लांबी एका विद्यार्थ्याने मोजली तर ५ सेंटिमीटरने वाढलेली दिसावी आणि दुसऱ्याने मोजली तर जवळपास १० ने, असे झाले तर आपण टेबलाबद्दल बोलण्याआधी पट्टी तपासू. बुद्ध्यांक चाचणीत मुलाचे लक्ष, त्या दिवसाची मनःस्थिती, परीक्षकाशी झालेली ओळख या सर्वांचा परिणाम होतो. ज्यांचे गुण मुळातच फार कमी आहेत अशा मुलांच्या बाबतीत तर तो अधिकच होतो. वर्गात तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट दुसऱ्या टप्प्याची. निबंधातील १०.२ हा मोठा आकडा दुसऱ्या चार महिन्यांतला आहे. पण त्या काळात सगळ्याच मुलांना गोळ्या मिळत होत्या. तुलनेला गट नव्हता आणि 'अंध'पणाही संपला होता. आता खऱ्या गोळ्या सुरू झाल्या हे सर्वांना माहीत असताना पालकांचे व परीक्षकांचे वागणे बदलते, अपेक्षा बदलतात. शिवाय तीच चाचणी पुन्हा दिल्याने मुले सरावतात. यातील गोळीचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे वेगळे काढण्याचा मार्ग या टप्प्यात उरला नव्हता.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण प्रयोग करणाऱ्याने ती विसरू नये. ब-२ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले की लघवी गडद पिवळी होते. घरातल्या माणसांच्या हे सहज नजरेस येते. म्हणून जीवनसत्त्वांच्या चाचणीत 'कोणाला काय मिळते हे कळले नाही' या विधानाची वेगळी खात्री करून घ्यावी लागते.

यावरून हॅरेल यांनी फसवणूक केली असे मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच आपल्या कामाला 'प्राथमिक शोध' म्हटले होते. पुढे जाण्यासाठी टाकलेले ते पहिले पाऊल होते. त्याला अखेरचा निकाल ठरवले ते नंतर पत्रके छापणाऱ्यांनी.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

'पण संख्याशास्त्रीय कसोटी तर उतरली होती ना?' असा प्रश्न वरच्या वर्गातले विद्यार्थी विचारतील. त्यांच्याबरोबर एक सोपा प्रयोग करून पाहावा.

वर्गातील ३२ मुलांना प्रत्येकी पाच नाणी द्या, किंवा एकच नाणे पाचदा उडवायला सांगा. प्रत्येक मूल म्हणजे एक डॉक्टर आणि प्रत्येक फेक म्हणजे एक रुग्ण. छाप पडला तर रुग्ण सुधारला, काटा पडला तर नाही. औषध पूर्ण निरुपयोगी आहे, म्हणून छाप-काटा यांची शक्यता समान. पाचही छाप पडण्याची शक्यता किती? अर्ध्याचा पाचदा गुणाकार, म्हणजे ३२ पैकी १. याचा अर्थ बत्तीस 'डॉक्टरां'पैकी सरासरीने एकाचे पाचही रुग्ण निव्वळ योगायोगाने सुधारतील. चार किंवा पाच छाप धरले तर असे 'यशस्वी' डॉक्टर सरासरीने सहा निघतील.

आता मुलांना सांगा, की ज्यांचे औषध यशस्वी झाले त्यांनीच फळ्यावर नाव लिहावे. फळ्याकडे पाहणाऱ्याला काय दिसेल? सहा डॉक्टर आणि सहा यशोगाथा. अपयशी सव्वीस जण फळ्यावर नाहीतच. आता त्याच सहा जणांना पुन्हा पाच-पाचदा नाणे उडवायला सांगा. बहुतेकांचे यश या फेरीत नाहीसे झालेले दिसेल.

या खेळाने १९८१ च्या निबंधातील गणित चुकीचे ठरते असे नाही. एका लहान प्रयोगातील यशावर विसंबून का राहू नये आणि तोच प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा करणे का आवश्यक असते, एवढे मात्र त्यातून हाताला येते.

नाणे पुन्हा उडवले तेव्हा

सुदैवाने हा प्रयोग पुन्हा केला गेला, आणि तोही लगेच. १९८३ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात बेनेट आणि सहकाऱ्यांनी घरी वाढणाऱ्या, ५ ते १३ वर्षे वयाच्या डाऊन सिंड्रोम असलेल्या २० मुलांवरील आठ महिन्यांची दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी वेदर्स यांनी ४७ मुलांवरील आणि १९८४ साली स्मिथ व सहकाऱ्यांनी ५६ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. या सर्व चाचण्यांत केवळ डाऊन सिंड्रोमचीच मुले होती. चारांच्या जागी आता शंभराहून अधिक मुले झाली. तिन्ही चाचण्यांत पूरक गोळ्या घेणारा गट आणि निष्क्रिय गोळ्या घेणारा गट यांच्या बुद्ध्यांकात लक्षणीय फरक आढळला नाही.

बाईंनी आणलेल्या पत्रकात १९८१ चा निबंध होता. १९८३ व १९८४ चे नव्हते. पत्रकातील सर्वांत गंभीर दोष माझ्या मते हाच आहे. त्यात लिहिलेले वाक्य खोटे नाही, पण त्याच्या पुढची वाक्ये गाळलेली आहेत.

नवा युक्तिवाद : ऑक्सिडीकरण

पत्रकाचा दुसरा भाग अधिक 'आधुनिक' होता. त्यातील युक्तिवाद असा. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे एक विकर तयार करणारे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे, हे १९७३ सालापासून ठाऊक आहे. तीन प्रती म्हणजे दीडपट विकर. हे विकर सुपरऑक्साइड या घातक कणाचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. विकर जास्त म्हणजे पेरॉक्साइड जास्त. ते पुढे हटवणारी विकरे त्या प्रमाणात वाढलेली नसतात. म्हणून पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो आणि मेंदूच्या पेशींना इजा होते. यावर उपाय म्हणून ई, क व अ जीवनसत्त्वे, तसेच पेरॉक्साइड हटवणाऱ्या विकराला लागणारे सेलेनियम द्यावे.

या साखळीच्या पहिल्या कड्या पक्क्या आहेत. जनुक तेथे आहे, विकर दीडपट असते, ऑक्सिडीकरणाच्या ताणाच्या खुणाही संशोधकांना आढळल्या आहेत. पण साखळीच्या शेवटच्या कडीचे काय? तोंडाने घेतलेले जीवनसत्त्व मेंदूतील योग्य पेशीत, योग्य वेळी, पुरेसे पोहोचते का? या मुलांच्या मेंदूची घडण गर्भावस्थेतच वेगळी होऊ लागते. मग जन्मानंतर दिलेल्या गोळीने किती फरक पडणार? आणि दोनशेहून अधिक जादा जनुकांपैकी एकाच्या परिणामाला आवर घातला तर बाकीच्यांचे काय? कागदावर सरळ दिसणारी साखळी शरीरात तशीच चालते की नाही, हे विचार करून ठरत नाही.

ब्रिटनमध्ये हेच तपासले गेले. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एलिस आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. सात महिन्यांहून लहान अशा १५६ बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले : एका गटाला सेलेनियम, जस्त व अ, ई, क जीवनसत्त्वे, दुसऱ्याला फोलिनिक आम्ल, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला निष्क्रिय पूड. अठरा महिन्यांनी बाळांचा विकास मोजला. ऑक्सिडीकरण-रोधके मिळालेल्या बाळांचा सरासरी विकासांक ५७.३, न मिळालेल्यांचा ५६.१. फरक एका गुणाच्या आसपास, म्हणजे योगायोगाच्या मर्यादेतला. फोलिनिक आम्लाचाही उपयोग दिसला नाही, आणि भाषेच्या वाढीतही फरक नव्हता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोणतीही चाचणी 'अजिबात परिणाम नाही' असे सिद्ध करू शकत नाही. अगदी लहान फायदा तिच्या चाळणीतून निसटू शकतो, किंवा वेगळ्या मिश्रणाचा गुण वेगळा असू शकतो. पण जाहिरातीत सांगितलेला मोठा, डोळ्यांना दिसणारा फायदा खरोखर असता, तर तो १५६ बाळांमध्ये लपून राहिला नसता.

आशेची पुढची दोन उदाहरणे

१९९० च्या दशकात अमेरिकेतील काही पालकांमध्ये पूरक गोळ्यांच्या जोडीला पिरासेटॅम हे औषध देण्याची लाट आली होती. २००१ साली कॅनडातील संशोधकांनी त्याची चाचणी प्रसिद्ध केली. २५ मुलांपैकी १८ मुलांनी ती पूर्ण केली. बुद्धीच्या कामांत सुधारणा आढळली नाही. उलट काही मुलांत आक्रमकपणा, चिडचिड, झोप बिघडणे असे त्रास दिसले.

अलीकडचे उदाहरण हिरव्या चहातील ईजीसीजी या द्रव्याचे. एकविसाव्या गुणसूत्रावरील डीवायआरके-१ए या जनुकापासून तयार होणाऱ्या विकराला हे द्रव्य आवर घालते. २०१६ साली बार्सिलोनातील संशोधकांनी १६ ते ३४ वर्षे वयाच्या ८४ तरुणांवरील चाचणीत, बौद्धिक सरावाच्या जोडीने हे द्रव्य दिल्यावर काही मोजक्या कसोट्यांत सुधारणा नोंदवली. बऱ्याच कसोट्यांत फरक नव्हता. वृत्तपत्रांनी मथळे दिले. २०२२ साली ६ ते १२ वर्षे वयाच्या ७३ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. द्रव्य सहा महिने देणे सुरक्षित आढळले, पण बुद्धीवर किंवा दैनंदिन कौशल्यांवर ठाम परिणाम दिसला नाही. संशोधन येथे थांबलेले नाही, थांबूही नये. पण चालू संशोधन म्हणजे दुकानात विकायला तयार असलेला उपाय नव्हे.

"दिल्याने नुकसान तर नाही ना?"

मुलीच्या आईचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि बहुतेक पालक येथेच येऊन थांबतात. उपयोग होवो न होवो, जीवनसत्त्वेच तर आहेत! या समजुतीला चार उत्तरे आहेत.

एक, जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा निरुपद्रवी नसतात. अ जीवनसत्त्व यकृतात साठत जाते आणि अति झाले की यकृताला इजा, डोकेदुखी, कवटीतील दाब वाढणे असे परिणाम होतात. ड जीवनसत्त्व अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे धोक्यात येतात. ब-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास चेतातंतूंना इजा होऊन हातापायांना बधिरता येते. जास्त जस्तामुळे तांब्याचे शोषण घटते आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. ज्या मुलाला 'माझे पाय बधिर झाले' हे शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत हे त्रास लवकर लक्षातही येत नाहीत.

दोन, अशा मिश्रणांत पुष्कळदा बायोटिन असते. त्याची मोठी मात्रा रक्तात असताना थायरॉइडच्या काही प्रकारच्या तपासण्या चुकीचे आकडे दाखवतात. थायरॉइड खरोखर मंद असताना अहवाल ठीक येऊ शकतो. या मुलांत थायरॉइडचा मंदपणा नेहमीचा आहे आणि त्यावर खात्रीचा उपचारही आहे. म्हणजे निरुपयोगी गोळी उपयोगी गोळीची वाट अडवू शकते. मूल कोणतीही पूरक गोळी घेत असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

तीन, पैसा आणि वेळ. आपल्या उदाहरणात वाचा-उपचार बंद होणार होता. चाचण्यांत फरक न दाखवलेल्या गोष्टीसाठी मुलीच्या खऱ्या गरजेची गोष्ट सोडून दिली जाणार होती.

चार, मनावरचे ओझे. 'आपण गोळ्या दिल्या नाहीत म्हणून मूल मागे राहिले' ही टोचणी जाहिराती जाणूनबुजून लावतात. पालकांना ती कोणीतरी उतरवून द्यायला हवी, आणि शिक्षक ते करू शकतात.

येथे गैरसमज नको. तपासणीत लोह किंवा ड जीवनसत्त्व कमी आढळले तर ते द्यायलाच हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. डाऊन सिंड्रोमची मुले त्याला अपवाद नाहीत. मोजलेली उणीव योग्य मात्रेत भरून काढणे हा उपचार झाला. उणीव नसताना बुद्धी वाढेल म्हणून महामात्रा देणे ही निराळी गोष्ट आहे.

मग कशाने फरक पडला?

अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे अपेक्षित आयुर्मान १९८३ साली सुमारे २५ वर्षे होते; आज ते सुमारे ६० वर्षे आहे. या काळात कोणते चमत्कारी मिश्रण निघाले? कोणतेच नाही. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यावर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुलांना संस्थांत टाकून न देता घरी वाढवले जाऊ लागले. जंतुसंसर्गावर उपचार झाले, शाळांची दारे उघडली. ही कामे दिसायला साधी, पण त्यांचा परिणाम मोजता आला आहे.

म्हणून पूरक गोळ्यांबद्दल विचारणाऱ्या पालकांना शिक्षकांनी उलट काही प्रश्न विचारावेत. हृदयाची तपासणी झाली का? थायरॉइडची तपासणी जन्मानंतर, पहिल्या वर्षात पुन्हा आणि मग दरवर्षी व्हायला हवी. शेवटची कधी झाली? कान तपासले का? या मुलांत ऐकू कमी येण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि ऐकू न येणारे मूल बोलायला कसे शिकणार? डोळे तपासले का? मूल झोपेत घोरते का, श्वास अडकतो का? पोट वारंवार बिघडते, वजन वाढत नाही, असे असेल तर गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिअॅक विकाराची तपासणी झाली का? तो विकार या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतो.

यासाठी मोठा खर्च करावाच लागतो असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा नावानिशी समावेश आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत व शासकीय आणि अनुदानित शाळांत येतात आणि मुलांना पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू शकतात. पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाचे नाव पुढे करणे हे शिक्षकांच्याच हातात आहे.

बाईंनी हे प्रश्न त्या आईवडिलांना विचारले. मुलीचे कान चार वर्षांत कोणी तपासले नव्हते. तपासल्यावर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साठल्याचे निघाले. त्यावर उपचार सुरू आहेत, आणि बाईंनी तिला पहिल्या बाकावर, स्वतःच्या समोर बसवले आहे. वाचा-उपचारही चालू राहिला. याने तिचा बुद्ध्यांक किती वाढेल हे मी सांगू शकत नाही, आणि कोणी आकडा सांगितलाच तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण हजेरी घेताना आता ती आपल्या नावाला 'हजर' म्हणते, असे बाईंनी परवा सांगितले.

पालकांनी विचारलेल्या प्रश्नाला 'हे सगळे थोतांड आहे' असे एका वाक्यात उत्तर देऊ नये. त्याने आशा दुखावते आणि पत्रक मात्र घरातच राहते. त्याऐवजी पत्रक त्यांच्याबरोबर बसून वाचावे. किती मुलांवर प्रयोग झाला, तुलनेला कोण होते, कोणी मोजले, पुन्हा केल्यावर काय आढळले, आणि हे सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय, हे पाच प्रश्न फळ्यावर लिहिता येतील इतके सोपे आहेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही ते द्यावेत, कारण अशी पत्रके पुढे त्यांच्याही हाती येणार आहेत.